लेडव्हिलला बर्फावर फॅट बाईक: टायरातली हवा सोडली आणि मग मजा आली

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. कोलोरॅडोतल्या लेडव्हिल गावाच्या मिनरल बेल्ट ट्रेलला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. आणि त्याच्या आदल्याच दिवशी एका मोठ्या स्की गावात भाड्याने घेतलेल्या फॅट बाईकला पाचपैकी दीड, तो दीडसुद्धा हेल्मेट स्वच्छ होतं म्हणून. दोन्हीकडे सायकली जवळपास सारख्याच होत्या हो. फरक होता टायरातल्या हवेचा, घड्याळातल्या वेळेचा आणि काउंटरमागच्या माणसाचा.

तर झालं काय की पुण्याहून दादा-वहिनी आले होते, जानेवारीतला तिसरा सोमवार इथे सुट्टीचा असतो म्हणून लाँग वीकेंड मिळाला, आणि डेन्व्हरला राहून पाहुण्यांना डोंगरातला बर्फ दाखवला नाही तर ते पाप इकडेच फेडावं लागतं. पण स्कीइंग कुणाला जमणार? दादाचा गुडघा बोलतो, वहिनी म्हणाल्या पायाला फळ्या बांधून उतारावरून घसरायचं वय गेलं माझं, आणि मोठ्या रिसॉर्टांचं सीझनमधलं लिफ्टचं तिकीट खिडकीवर घेतलं तर माणशी दोनशे डॉलरच्या वर जातं, ते ऐकून दादाचा दुसरा गुडघापण दुखायला लागला. मग नवऱ्याने फॅट बाईकचं काढलं. दादा एकदम खूश. हा माणूस दर रविवारी सिंहगड सायकलने चढतो आणि सोमवार ते शनिवार त्याबद्दल बोलतो.

फॅट बाईक म्हणजे काय ते माहीत नसेल तर सांगते. दिसायला माउंटन बाईकच, पण टायर चार-चार, काहींना पाच इंच रुंद, म्हणजे बुलेटच्या टायरच्या जाडीचं टायर सायकलला. वजन चौदा-पंधरा किलो सहज. रस्त्यावरच्या रेसिंग सायकलच्या टायरात ऐंशी-शंभर पीएसआय हवा भरतात, गाडीत तीस-पस्तीस, आणि ह्या सायकलीत बर्फावर चालवताना चार ते आठ! टायर अंगठ्याने दाबलं की शिळ्या भटुऱ्यासारखं आत जातं. तसं ते गेलं पाहिजे, हाच सगळा मुद्दा आहे. टायर पसरतं, वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि चाक बर्फात रुतायच्या ऐवजी वरून जातं. हे मला आता कळतं, शनिवारी कळत नव्हतं.

शनिवारचं आधी उरकून टाकते. लिफ्टला लागूनच दुकान, बाहेर रांग, आत स्कीवाल्यांची धावपळ, आमच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. फॉर्मवर सह्या घेतल्या (मेलात तर आमची जबाबदारी नाही अशा अर्थाचा चार पानी कागद), कार्ड घासलं, पाच सायकली बाहेर आणून उभ्या केल्या आणि मुलगा गेला आत. सीट कुणी बघितली नाही. कुठे जाऊ विचारलं तर हात वर करून एक दिशा दाखवली. वेळ दुपारी एकची, ऊन लख्ख, ट्रेलवरचा बर्फ म्हणजे अगदी गोळेवाल्याने किसून ठेवलेला बर्फ, रंग घालायचा बाकी. टायर दगडासारखे कडक. त्यावर चाक टाकलं की ते सरळ खाली, खस्स करून, आणि पुढचं चाक एकीकडे तर मागचं दुसरीकडे. दादा सिंहगडाच्या सवयीने पेडलवर उभा राहिला, उभा राहिल्याबरोबर मागच्या चाकावरचं वजन गेलं, चाक जागच्या जागी गरगर फिरलं आणि दादा कडेच्या ढिगाऱ्यात कमरेपर्यंत आडवा. एकदा नाही, सहा वेळा मोजलं मी. लेक तर रडकुंडीला आली. तासाभरात सायकली हातात धरून ढकलत परत. नवऱ्याने काउंटरवर विचारलं की बाबा टायर इतके कडक का, तर उत्तर आलं की सगळ्यांना तसेच देतो, रस्त्यावरपण चालतात. अरे पण आम्ही बर्फावर चालवायला आलो होतो ना! पैसे परत वगैरे विषयच नाही. दादा रात्री पाय शेकत म्हणाला, "अगं हे सगळं फोटोपुरतं असतं, खरं चालत नसणार." आणि आमचं ते शेवटचं फॅट बायकिंग ठरायचं होतं.

पण नवरा हट्टी. रात्री बसून वाचत बसला आणि म्हणाला उद्या सकाळी सहाला उठायचं, लेडव्हिलला जायचं. आम्ही फ्रिस्कोला उतरलो होतो, तिथून कॉपर माउंटनपर्यंत आय-सेव्हन्टी आणि मग हायवे एक्क्याण्णव धरून फ्रीमाँट पास ओलांडायचा, ३,४५० मीटरवर. वर घाटमाथ्यावरच क्लायमॅक्सची मॉलिब्डेनमची खाण आहे, अख्खा डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला. गाडीला बर्फाचे टायर हवेतच, ह्या रस्त्यांवर भाड्याची साध्या टायरची गाडी घेऊन शहाणपणा करू नका.

लेडव्हिल गाव स्वतःच ३,०९४ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईवर जवळजवळ दुसरं कळसूबाई ठेवा, तिथे ह्यांचं पोस्ट ऑफिस. हॅरिसन अव्हेन्यू हा मेन रोड, दोन्ही बाजूला जुन्या विटांच्या इमारती, त्यात १८७९ चं टेबर ऑपेरा हाऊस अजून उभं. स्की गावातल्यासारखी फर लावलेली दुकानं नाहीत, हॉटेलं मोजकी, पार्किंग मिळतं. मार्चमध्ये ह्याच रस्त्यावर बर्फ टाकून घोड्यामागे दोरीला धरून स्कीवाले पळतात म्हणे, म्हणजे गाव थोडं वेडंच आहे, पण आपल्याला आवडेल असं वेडं.

इथलं सायकलचं दुकान एवढुसं. दाढीवाला पोरगा, वय पंचविशीचं, त्याने पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. प्रत्येकाचं. वहिनींनी आम्हा सगळ्यांना बाहेर जायला लावलं आणि मग त्याच्या कानात आकडा सांगितला. त्याने छोटं प्रेशर गेज काढलं (साध्या पंपाचा काटा इतक्या कमी हवेला नीट दाखवत नाही, त्यासाठी वेगळं येतं) आणि फूस्स करून एकेका टायरातली हवा सोडायला सुरुवात केली. लेकीला चार, वहिनींना पाच, मला तेवढीच, दादाला सात. दादा घाबरला, म्हणाला पंक्चर करतोय का हा? पोरगा हसला. म्हणाला, पहाटे उणे पंधरा होतं, ट्रेल घट्ट आहे, तरी मागे वळून आपली खाच बघत जा, इंचापेक्षा खोल पडायला लागली तर अजून थोडी हवा सोडा, तरीही पडली तर परत या. का, तर त्याच खाचा रात्री गोठून दगड होतात आणि दुसऱ्या दिवशी त्यात कुणीतरी पडतं. हे एवढं वाक्य आदल्या दिवशीच्या दुकानाने सांगितलं असतं तर आमचा अख्खा शनिवार वाचला असता.

सीट त्याने जरा खाली केली, पेडल साधे सपाट, म्हणजे आपले स्नो बूट घालूनच चालवायचं. आणि हँडलला दोन्हीकडे पोगी. पोगी म्हणजे जाड गोधडीच्या पिशव्या समजा, हँडलवरच कायमच्या लावलेल्या, हात आत घातला की ब्रेक, गिअर सगळं आतच, बाहेर उणे पंधरा असलं तरी आत पातळ हातमोज्यात भागतं. चार सायकलींना होत्या, पाचवीला नव्हत्या, ती नवऱ्याने घेतली आणि दिवसभर बोटं काखेत घालून फिरला. अर्धा तारा मी तिथेच कापलाय.

सायकली बांधता बांधता त्याने सांगितलं की ही भानगड मूळ अलास्कातली. १९८७ पासून तिथे कुत्र्यांच्या स्लेजच्या वाटेवर हिवाळ्यात सायकलची शर्यत व्हायला लागली, आणि साधं चाक बर्फात रुततं म्हणून लोकांनी दोन-दोन रिम एकाला एक जोडून रुंद चाकं बनवली. दुकानात आयती मिळणारी फॅट बाईक २००५ मध्ये आली, सर्ली कंपनीची पग्जली. म्हणजे गरजेपोटी केलेला जुगाडच, आपल्याकडे शोभला असता.

साडेनऊला ट्रेलवर. आणि काय सांगू. रात्री मशीन फिरवून बर्फ दाबलेला, वर कॉर्डरॉय पँटीसारख्या बारीक रेघा, आणि दाबलेला बर्फ रात्रभर थंडीत पडून राहिला की त्याचे कण एकमेकांना धरतात, चिक्कीचा पाक आळतो ना तसं. त्यावर तो मऊ टायर जाताना आवाज येतो तो कुरकुरीत पापड हळूच मोडल्यासारखा, सलग. बाकी कसलाच आवाज नाही. माझं चाक कुठे गेलं नाही, घसरलं नाही, नुसतं चाललं. मी वळून खाच बघितली तर टायरची नक्षी उमटली होती, बस, खाच नव्हतीच. मी दादाला ओरडून सांगितलं "अरे चालतंय!" तर तो आधीच पुढे गेला होता.

मिनरल बेल्ट ट्रेल गावाभोवती एक वळसा आहे, साधारण साडेअठरा किलोमीटरचा, उन्हाळ्यात डांबरी, हिवाळ्यात बर्फ दाबून स्की आणि फॅट बाईकसाठी. तिकीट नाही, फुकट. त्याचा बराचसा भाग जुन्या रेल्वेच्या मार्गावरून जातो, खाणीतला माल काढायला रूळ टाकले होते तो मार्ग, आणि रेल्वेला उभा चढ झेपत नाही त्यामुळे सगळा चढ हळूहळू, लांबट. आमच्यासारख्यांना हेच सोयीचं. फक्त हवा नसते. टायरात नाही, छातीत. शंभर मीटर चालवलं की सिंहगड काय नि पर्वती काय, सगळे सारखे. पुण्याहून येऊन चारच दिवस झालेले, वहिनींचं डोकं आदल्या रात्री दुखत होतंच, आम्ही भरपूर पाणी पाजलं आणि ठरवलं की पूर्ण वळसा करायचा नाही, पूर्वेकडच्या खाणींपर्यंत जायचं आणि आलो त्याच वाटेने परत. दोन रात्री डेन्व्हरच्या उंचीला आणि एखादी रात्र फ्रिस्कोला काढल्याशिवाय पाहुण्यांना इथे आणू नका, पुण्याहून विमानातून उतरून थेट तर अजिबातच नाही.

चालवायची पद्धत वेगळी आहे तेवढी शिकावी लागते. उभं राहायचं नाही, बूड सीटवर, हलका गिअर, पाय गोल गोल सारखे, दळण दळल्यासारखे. जोर मारला की चाक फिरलंच. वहिनी शाळेत असताना लेडीज सायकल चालवायच्या त्यानंतर थेट आत्ता, आणि त्यांना उभं राहून पेडल मारता येतच नाही, त्यामुळे त्या सरळ बसून संथपणे चढ चढून गेल्या आणि वर जाऊन आमची वाट बघत उभ्या. दादाने हे अजून मान्य केलेलं नाही. तो म्हणतो त्यांच्या टायरात हवा कमी होती.

माझा एक घोळ सांगते. ट्रेलच्या कडेला दोन समांतर खाचा असतात, छान सरळ, मला वाटलं ही सायकलची लेन, रेल्वे रुळासारखं त्यात चाक टाकून मी मजेत चालले होते. समोरून एक सत्तरीच्या आजीबाई स्कीवर आल्या, थांबल्या आणि अतिशय गोड आवाजात म्हणाल्या की बाळ, हे आमच्या स्कीसाठी कापलेलं असतं, तू मोडतेयस. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तर लक्षात ठेवा, त्या खाचांपासून लांब, ट्रेलच्या दुसऱ्या कडेने चालवायचं, स्कीवाल्यांना आधी वाट द्यायची आणि थांबायचं तर सायकल बाजूला घेऊन. आजीबाई नंतर पुढच्या वळणावर परत भेटल्या, तेव्हा मी शहाण्यासारखी कडेला होते, हात केला त्यांनी.

खाणींचा भाग सुरू झाला की बघायला खूप आहे, म्हणजे थांबायला कारणं खूप आहेत. लाकडी हेडफ्रेम उभे आहेत, खाली शाफ्टमधून माल वर ओढायचे ते मनोरे, काळे पडलेले, डोक्यावर बर्फाची टोपी. बर्फातून मधूनच पिवळट मातीचे ढिगारे डोकावतात, ते खाणीतलं टाकाऊ. हा भाग १९८३ पासून सरकारी प्रदूषण सफाईच्या यादीत आला होता हे वाचून जरा चरकायला झालं, पण चार फूट बर्फाखाली सगळं सुंदर दिसतं. इथे आधी १८६० मध्ये सोनं सापडलं, आणि सोनं धुताना एक जड काळी वाळू मध्ये मध्ये यायची तिला लोक शिव्या घालायचे, ती निघाली चांदी असलेलं शिसं. म्हणून गावाचं नाव लेड-व्हिल.

आता इथे दादा थांबला. त्याला दम लागला होता, पण ते कबूल न करता त्याने व्याख्यान काढलं, बँकेत आयुष्य काढलेला माणूस. चांदी कोसळल्याबद्दलची पाटी वाचली आणि म्हणाला, "ह्यांना आपण बुडवलंय, माहितीय का?" मला वाटलं उंची डोक्यात गेली. पण खरंच आहे ते. जून १८९३ मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या, म्हणजे आधी कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जायचं आणि रुपये पाडून घ्यायचं, ते बंद. एवढं मोठं गिऱ्हाईक गेल्यावर चांदीचा भाव काही दिवसांत धाडकन पडला, कोलोरॅडोतल्या खाणी पटापट बंद झाल्या, वर त्याच वर्षी अमेरिकन सरकारनेही चांदी खरेदीचा कायदा रद्द केला. ज्याचं ऑपेरा हाऊस गावात बघितलं तो होरेस टेबर चांदीत करोडपती झालेला आणि ह्यात धुऊन निघाला. फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेसमोरून मी शंभर वेळा गेले असेन, ती टांकसाळीची खांबवाली इमारत बघत, आणि त्याच दाराचा संबंध ह्या बर्फातल्या काळ्या लाकडांशी लागेल असं कधी वाटलं नव्हतं. दादा अर्धा तास बोलला. दम पुरा भरून आला त्याला.

टेबरची मॅचलेस खाण ह्याच बाजूला आहे. त्याची दुसरी बायको, बेबी डो म्हणायचे तिला, नवरा गेल्यावर पुढे कितीतरी वर्षं त्या खाणीजवळच्या खोपटात एकटी राहिली आणि मार्च १९३५ मध्ये तिथेच गोठून गेलेली सापडली. वहिनींनी हे ऐकलं आणि पुढे बराच वेळ कुणाशी बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "ह्या थंडीत एकटी बाई..." आणि पोगीत हात घालून चालायला लागल्या.

झाडी संपून मोकळं झालं की पश्चिमेला माउंट मॅसिव्ह आणि माउंट एल्बर्ट समोर, एल्बर्ट हा अख्ख्या रॉकीजमधला सगळ्यात उंच, ४,४०० मीटर. पांढरं इतकं की डोळ्याला गॉगल नसेल तर पाणी येतं. वारा मात्र इथे सुटतो आणि आडोसा काही नाही.

आता थोडं कामाचं. घामाची भीती थंडीपेक्षा जास्त, चढावर जॅकेटची चेन उघडा, थांबलात की लगेच लावा, आत सुती काही नको, भिजलं की बर्फ होतं. पाण्याच्या बॅगेची नळी वीस मिनिटांत गोठली, त्यापेक्षा बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो म्हणून तोंड मोकळं राहतं, हे दाढीवाल्यानेच सांगितलेलं आणि आम्ही ऐकलं नव्हतं. फोन आतल्या खिशात, दादाचा साठ टक्क्यांवरून एका झटक्यात बंद पडला, एल्बर्टचा फोटो राहिलाच. आणि खाऊ म्हणून आईने संक्रांतीचे तिळाचे लाडू पाठवलेले ते मी मोठ्या हौसेने खिशात घेतले होते, उणे दहाला तिळाचा लाडू म्हणजे क्रिकेटचा बॉल, नवऱ्याचा दात थोडक्यात वाचला. खजूर न्या.

उतार जपून. येताना लेकीने ब्रेक सोडून जी काही सुटली ती वळणावर थेट ढिगाऱ्यात, पण पडली कापसात, उठून हसतच बसली. मऊ टायरला वळताना वेळ लागतो, वळणाच्या आधीच वेग कमी करा, पुढचा ब्रेक जोरात दाबू नका. साडेबाराला आम्ही बाहेर पडलो तेव्हा उन्हातल्या पट्ट्यात चाक किंचित रुतायला लागलंच होतं. म्हणजे काय, सकाळी जायचं. दुपारी एकला कुणी तुम्हाला सायकल देत असेल आणि बर्फाबद्दल अवाक्षर काढत नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

दुकानाचं दुखणं एकच, सायकली कमी. लाँग वीकेंडला आधी फोन करून ठेवला नसता तर नसत्या मिळाल्या, आणि बारक्या उंचीची एकच होती, ती लेकीला गेली. दोन मुलं असतील तर आधी विचारा. भाडं हाफ डेचं शनिवारच्या दुकानापेक्षा थोडं कमीच पडलं.

सायकली परत देताना वहिनींनी त्या पोराला तिळगूळ दिला, गोड बोल म्हणून सांगितलं, नवऱ्याने भाषांतर केलं. त्याने लाडू तोंडात टाकला, दाताने दाबून बघितला, मग सभ्यपणे गालात धरून ठेवला, आम्ही निघेपर्यंत तसाच. बुधवारी त्याच दुकानातून माझ्या फोनवर फोटो आला, पोगीच्या आत सापडलेला दुसरा एक लाडू, आणि खाली विचारलंय की हा तुमचाच का, आणि हा किती वेळ चघळायचा असतो.